छोट्या संस्थेचा ईमेल आणि प्रिंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक वाचनालयं, महिला मंडळं, गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि दोन-तीन खोल्यांत चालणारे ट्रस्ट यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. जे खातं संस्थेच्या मालकीचं असायला हवं, ते कुणा एका पदाधिकाऱ्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं. कार्यकारिणी बदलते आणि किल्ल्या घरी जातात. म्हणून उत्तरांमध्ये ही गोष्ट वारंवार येईल. ती तशी यायलाच हवी.

१. आमचं काम साध्या जीमेलवर नीट चाललंय. वेगळा ईमेल कशाला?

एकच माणूस एकच खातं वापरत असेल आणि संस्था अगदी लहान असेल, तर लगेच घाई नाही. पण तीन प्रश्न स्वतःला विचारा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? पासवर्ड किती जणांना माहीत आहे? आणि उद्या सचिव बदलले तर बँकेचे, आयकर खात्याचे, धर्मादाय आयुक्तालयाचे मेल कोणाकडे जातील? मोफत जीमेल खातं वैयक्तिक असतं. वाद झाला तर ‘हे आमच्या संस्थेचं आहे’ असं सांगून ते परत मिळवायची सोय नाही. संस्थेच्या डोमेनवरच्या (म्हणजे पत्त्यात @ नंतर संस्थेचं स्वतःचं नाव असलेल्या) खात्यात मात्र प्रशासकाला कोणाचाही पासवर्ड बदलता येतो आणि पत्रव्यवहार संस्थेकडेच राहतो. एवढ्या एका कारणासाठीही हा बदल करावा.

२. डोमेन कोणतं आणि कोणाच्या नावावर घ्यायचं?

डॉट ऑर्ग, डॉट इन किंवा डॉट ऑर्ग डॉट इन यापैकी जे लहान आणि फोनवर सांगायला सोपं असेल ते घ्या. डॉट भारत हे देवनागरी डोमेनही २०१४ पासून मिळतं. वेबसाइटसाठी ते छान आहे, पण अनेक सरकारी आणि बँकांचे ऑनलाइन फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, त्यामुळे ईमेलसाठी रोमन डोमेनच ठेवा.

नोंदणी संस्थेच्या नावाने करा. पावती संस्थेच्या नावे घ्या, पैसे संस्थेच्या बँक खात्यातून द्या. नोंदणीदाराकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर तो मेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना पोहोचतच नाही. शक्य असेल तर एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरा आणि संपण्याची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. डोमेन आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर प्रश्न २० पाहा.

३. गूगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो?

तिन्ही चांगल्या सेवा आहेत. निवड करताना लोकांची सवय पाहा. सगळ्यांना जीमेल येत असेल तर गूगल वर्कस्पेस (संस्थेच्या डोमेनवर चालणारं जीमेल) शिकवावं लागत नाही. लेखापाल दिवसभर एक्सेलमध्येच असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बरं. झोहो ही चेन्नईची कंपनी आहे, तिची डेटा सेंटर्स भारतात आहेत आणि पाच जणांपर्यंतची मोफत योजना तिच्याकडे आहे. मात्र त्या मोफत योजनेत मेल ब्राउझरमध्ये किंवा झोहोच्या ॲपमध्येच पाहावा लागतो, आउटलुकला जोडता येत नाही.

होस्टिंगसोबत (वेबसाइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेसोबत) ‘फुकट’ मिळणारा मेल मी सुचवत नाही. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात. त्यातल्या कुणी स्पॅम पाठवला तर त्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमच्या सभेच्या नोटिसाही अडकतात.

४. संस्थांना या सेवा मोफत मिळतात असं ऐकलंय. आम्हाला मिळतील का?

हे तुमची नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे यावर ठरतं.

सार्वजनिक वाचनालय, महिला मंडळ किंवा सेवाभावी ट्रस्ट, म्हणजे ज्यांची नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली आहे, त्यांनी जरूर अर्ज करावा. गूगलची ना-नफा योजना मोफत आहे. मायक्रोसॉफ्ट पात्र संस्थांना बिझनेस बेसिक ही योजना ३०० जणांपर्यंत मोफत देतं. पूर्वी बिझनेस प्रीमियमची दहा परवानापत्रंही मोफत मिळत. ती सवलत जुलै २०२५ पासून बंद झाली, तेव्हा जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. पडताळणीसाठी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि आयकर कायद्याखालची १२अ किंवा ८०जी ची कागदपत्रं स्कॅन करून हाताशी ठेवा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. ‘सार्वजनिक’ कुठे आहे, कुठे नाही, एवढ्यावरून अर्ज रखडतात.

गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात. त्या सभासदांच्या हितासाठी असतात, धर्मादाय नव्हेत, म्हणून त्यांना ही सवलत नाही. शाळा आणि रुग्णालयं गूगलच्या ना-नफा योजनेत बसत नाहीत, पण मान्यताप्राप्त शाळेला शिक्षणासाठीची वेगळी मोफत योजना आहे.

५. अकरा जणांची कार्यकारिणी आहे. अकरा खाती घ्यायची?

नाही. सशुल्क योजनेत दर माणशी पैसे पडतात आणि न वापरलेलं खातं ही धोक्याची जागा असते. रोज काम करणाऱ्या दोघा-तिघांनाच खाती द्या. बाकीचं काम उपनावांवर आणि गटांवर भागवा. ‘माहिती’, ‘अध्यक्ष’, ‘तक्रार’ असे पत्ते उपनाव म्हणून एका खात्याला जोडले तर जादा पैसे लागत नाहीत. ‘कार्यकारिणी’ नावाचा गट केला की त्या एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्यांच्या वैयक्तिक ईमेलवर जातो. निवडणूक झाली की फक्त गटातली नावं बदलायची, बाहेरच्या जगासाठी पत्ता तोच.

सचिव आणि खजिनदार यांचे पत्ते पदाच्या नावाने असावेत, व्यक्तीच्या नावाने नकोत. मुख्य प्रशासक मात्र दोन हवेत, आणि ते दोघे एका घरातले नसावेत.

६. एमएक्स, एसपीएफ, डीकिम, डीमार्क… हे सगळं खरंच लागतं?

लागतं, आणि एका बैठकीत होतं. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डीएनएस म्हणजे डोमेनची पत्त्यांची वही) चार नोंदी करायच्या असतात. एमएक्स सांगते की आमचा मेल कुठे पोहोचवायचा. एसपीएफ सांगते की आमच्या नावाने पाठवण्याची परवानगी कोणाला आहे. डीकिम म्हणजे पाकिटावरचा लाखेचा शिक्का: मेल वाटेत बदललेला नाही याची खूण. या दोन्ही कसोट्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम हवंच, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही तिन्ही हवीत. तुम्ही पाच हजार पाठवणार नाही, तरीही तिन्ही करा.

नेहमी अडतं ते इथे. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. वर्गणीच्या पावत्या दुसऱ्या सेवेवरून पाठवत असाल तर तिचं नाव त्याच नोंदीत घालायचं. दुसरी नोंद केली तर दोन्ही निकामी होतात. गूगलमध्ये डीकिमची नोंद डीएनएसमध्ये घातल्यावर प्रशासक पानावर परत येऊन प्रमाणीकरण सुरू करण्याचं बटण दाबावं लागतं. ते विसरल्याने डीकिम महिनोन्‌महिने बंद असलेल्या कितीतरी संस्था आहेत. डीमार्क सुरुवातीला ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पातळीवर ठेवा, महिनाभर सगळं सुरळीत दिसलं की ‘स्पॅममध्ये टाका’ वर न्या.

७. बदल करताना जुने मेल जातील का? कोणता दिवस धरावा?

जुने मेल आपोआप जात नाहीत, पण आपोआप नव्या घरी येतही नाहीत. आधी नव्या सेवेतल्या स्थलांतराच्या साधनाने जुनी पेटी आयमॅपद्वारे (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) ओढून घ्या. मेल पॉप पद्धतीने (सर्व्हरवरून उचलून) एकाच संगणकावरच्या आउटलुकमध्ये उतरत असतील तर सर्व्हरवर काहीच उरलेलं नसेल. तेव्हा त्या संगणकाच्या फाइलची प्रत आधी काढा. तो संगणक फॉरमॅट करायला देऊन बसलेल्या संस्थेची दहा वर्षांची पत्रं गेलेली असतात, आणि ती परत मिळत नाहीत.

मार्चअखेर टाळा. सप्टेंबरही टाळा, कारण सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. एमएक्स बदलण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) एका तासावर आणा, शनिवारी संध्याकाळी नोंद बदला आणि जुनी पेटी किमान महिनाभर चालू ठेवा.

८. सगळं चालतंय, पण वेबसाइटच्या फॉर्मवरून भरलेली माहिती मेलवर येईनाशी झाली.

बहुधा ती जुन्या होस्टिंगच्या पेटीत साठत असेल. वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे त्याला अजून वाटतं की या डोमेनचा मेल माझ्याकडेच असतो. म्हणून तो एमएक्स पाहतच नाही आणि मेल स्वतःच्याच पेटीत टाकतो. सी-पॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) ईमेल राउटिंगच्या पानावर ‘लोकल’ ऐवजी ‘रिमोट’ निवडलं की हे सुटतं. आधी जुनी पेटी उघडून मधल्या काळात कोणी देणगी किंवा सभासदत्वाबद्दल विचारलंय का ते पाहा.

९. चारशे सभासदांना सभेची नोटीस पाठवली, निम्म्यांच्या स्पॅममध्ये गेली.

आधी प्रश्न ६ मधल्या नोंदी तपासा. मग मर्यादा पाहा: मोफत जीमेलवरून दिवसाला ५०० जणांना मेल जातात, वर्कस्पेसच्या सशुल्क खात्यावरून २००० मेल. सभासदांचा गट करून गटाच्या पत्त्यावर पाठवणं बीसीसीपेक्षा चांगलं. पण गटात लिहिण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकांना ठेवा, नाहीतर एकाचं उत्तर चारशे जणांना जातं. जोडलेली फाइल २५ एमबीच्या आत हवी. अहवालाचं मोठं स्कॅन असेल तर दुवा द्या.

ईमेलने दिलेली नोटीस पुरेशी मानायची का, हे तुमच्या उपविधीवर अवलंबून आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे, तरी उपविधीत हातपोच किंवा टपाल सांगितलं असेल तर तेही करा.

१०. माजी सचिव पासवर्ड देत नाहीत. काय करावं?

संस्थेच्या डोमेनवरचं खातं असेल आणि दुसरा प्रशासक असेल तर पाच मिनिटांचं काम आहे: पासवर्ड बदला, सगळी सुरू असलेली लॉगिन बंद करा, पुनर्प्राप्तीचा फोन बदला. दुसरा प्रशासक नसेल पण डोमेनची डीएनएस सेटिंग तुमच्या हातात असतील, तर सेवा देणारी कंपनी डीएनएसमध्ये एक नोंद करायला सांगते आणि मालकी सिद्ध झाली की प्रवेश देते. म्हणूनच डोमेनची किल्ली मेलच्या किल्लीपेक्षा मोठी आहे.

खातं साधं जीमेल असेल तर तांत्रिक मार्ग नाही. कार्यकारिणीचा ठराव करा, लेखी पत्र द्या आणि त्याच वेळी बँक, पॅन, टीडीएस, धर्मादाय अशा प्रत्येक ठिकाणी नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल बदलायला घ्या. त्यासाठी सहसा ठरावाची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची यादी लागते.

११. मग त्यांचं जुनं खातं डिलीट करून टाकू?

लगेच नको. आधी ते निलंबित करा, फायली आणि मेल नव्या खात्याकडे हस्तांतरित करा, जुना पत्ता नव्या खात्याला उपनाव म्हणून जोडण्याची तयारी ठेवा. गूगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांच्या आत. त्यानंतर कोणी काही करू शकत नाही. एखाद्या सरकारी पोर्टलचा ओटीपी त्याच पत्त्यावर येत असतो, हे बहुतेक वेळा एकविसाव्या दिवशी कळतं.

१२. क्लाउड प्रिंटिंग म्हणजे नक्की काय? इंटरनेट गेलं तर प्रिंट बंद?

दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली: फोन आणि प्रिंटर एकाच वायफायवर असले की केबल आणि ड्रायव्हरशिवाय प्रिंट निघते. आयफोनवर एअरप्रिंट, अँड्रॉइडवर मोप्रिया. यात कागद इमारतीबाहेर जात नाही, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी राउटर चालू असला की पुरे. दुसरी: काम इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून प्रिंटरकडे येतं. त्यासाठी इंटरनेट हवंच.

गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. अजूनही तिची माहिती देणारे लेख सापडतात, त्यांच्या मागे लागू नका. माझं मत स्पष्ट आहे: दहा माणसांच्या आतल्या कार्यालयाला पहिला प्रकार पुरतो.

१३. आमच्याकडे एचपी १०२० (किंवा कॅनन २९००) आहे. तो राउटरला जोडला तर चालेल?

बहुधा नाही. हे प्रिंटर वर्षानुवर्षं टिकतात, टोनर भरून घेतला की पुन्हा सुरू, म्हणून प्रत्येक दुसऱ्या कार्यालयात दिसतात. पण पान तयार करण्याचं काम ते स्वतः करत नाहीत, संगणकावरचा ड्रायव्हर करतो. १०२० ला तर चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर घ्यावं लागतं. राउटरच्या यूएसबी खाचेला किंवा स्वस्त प्रिंट सर्व्हरच्या डबीला ते जमत नाही.

तो यूएसबीने एका संगणकाला जोडलेला ठेवा. त्या संगणकावर पेपरकटचं मोबिलिटी प्रिंट हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की त्याच नेटवर्कवरचे फोन आणि लॅपटॉप त्यावर प्रिंट काढू शकतात. अट एवढीच, की तो संगणक चालू हवा आणि झोपी जायला नको. चांगला चालणारा प्रिंटर केवळ वायफायसाठी भंगारात देऊ नका.

१४. नवा वायफाय प्रिंटर घेतला, फोनवर दिसतच नाही.

अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर दोन नावं असतील तर प्रिंटर २.४ ला जोडा. फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तर तिथली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, तो मुख्य नेटवर्कवर घ्या. काल दिसत होता, आज नाही, असं होत असेल तर राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवा.

१५. घरून पाठवलेलं कार्यालयात प्रिंट व्हायला हवं.

एप्सनच्या अनेक मॉडेलांना स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्यावर पाठवलेली फाइल छापली जाते. तो पत्ता गुप्त ठेवा आणि ठरावीक लोकांचेच मेल स्वीकारण्याचं सेटिंग करा. मायक्रोसॉफ्टचं युनिव्हर्सल प्रिंट बिझनेस प्रीमियममध्ये येतं, प्रश्न ४ मधल्या मोफत बेसिकमध्ये नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून प्रिंटर थेट इंटरनेटवर आणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जगातला कोणीही त्यावर छापू शकेल.

कार्यालयात माणूस बसलेला असेल तर ‘छपाई’ नावाचं उपनाव करा आणि पीडीएफ त्यावर पाठवा. तो माणूस छापेल, सही-शिक्का करेल आणि फाइलला लावेल. अनेक संस्थांना यापेक्षा जास्त काही लागतच नाही.

१६. मशीनवरून स्कॅन थेट ईमेल व्हायचं, ते अचानक बंद झालं.

मशीनमध्ये खात्याचा नेहमीचा पासवर्ड भरलेला असेल. असा प्रवेश गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून थांबवला आणि वर्कस्पेससाठी २०२५ मध्ये. आता दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करा आणि तो मशीनमध्ये भरा. पोर्ट ५८७. यासाठी वेगळं खातं ठेवा, सचिवांचं वापरू नका.

वर्कस्पेसमध्ये पासवर्डऐवजी कार्यालयाचा आयपी पत्ता ओळखून मेल पुढे पाठवण्याची सोय आहे, पण तिला कायम न बदलणारा आयपी लागतो आणि साध्या ब्रॉडबँडला तो नसतो. फार जुनी मशीन आजची कूटलेखन पद्धत जाणत नाहीत. त्यांच्यावर पेन ड्राइव्हमध्ये किंवा संगणकाच्या फोल्डरमध्ये स्कॅन करणं हाच मार्ग.

१७. मराठी पत्र मेलने पाठवलं, समोर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. किंवा प्रिंटमध्ये जोडाक्षरं फुटतात.

पत्र श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन दिसतात. आजच्या पुरता उपाय: फॉन्टसह पीडीएफ करून पाठवा. कायमचा उपाय: नवं सगळं युनिकोडमध्ये लिहा. विंडोजमधला निर्मला किंवा मंगल, मोफत मिळणारा मुक्ता किंवा नोटो, कोणताही चालेल. जुनी पत्रं लागतील तशी परिवर्तकातून घ्या आणि वाचून पाहा, विशेषतः ‘श्र’, रफार आणि आकडे. पीडीएफ पडद्यावर नीट पण कागदावर फुटत असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रगत सेटिंगमधून ‘प्रतिमा म्हणून छापा’ निवडा.

१८. लीगल कागदावरच्या ठरावाची शेवटची ओळ कापली जाते.

ए-४ हा २९.७ सेंटिमीटर लांब, लीगल ३५.६. दस्तऐवजाची पान-मांडणी, प्रिंटच्या वेळी निवडलेला कागद आणि प्रिंटरच्या ट्रेचं सेटिंग, तिन्ही जागी लीगल हवं. फोनवरून छापताना बहुधा ए-४ धरलं जातं, म्हणून प्रतिज्ञापत्रं आणि ठराव संगणकावरूनच काढा. ‘पानात बसवा’ बंद ठेवा, नाहीतर अक्षर बारीक होतं.

१९. वीज जाते. काय काय इन्व्हर्टरवर ठेवू?

राउटर आणि फायबरची डबी जरूर, त्यांना फार थोडी वीज लागते. इंक टँक प्रिंटरही चालेल. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसला लावू नका. पान तापवताना तो काही क्षण खूप जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बंद पडतो किंवा बिघडतो, त्यासोबत संगणकही.

२०. डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर आहे आणि तो आता फोन उचलत नाही.

डोमेनची मुदत अजून असेल तर वेळ हातात आहे. सार्वजनिक नोंदीत डोमेन कोणत्या नोंदणीदार कंपनीकडे आहे ते पाहा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि कार्यकारिणीचा ठराव घेऊन त्या कंपनीकडे लेखी अर्ज करा. त्या वेबसाइटवाल्यालाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. बहुतेक वेळा त्याचं थकीत बिल किंवा नूतनीकरणाचे पैसे हा खरा मुद्दा असतो, तो देऊन हस्तांतराचा कोड घ्या.

दरम्यान त्या डोमेनवर नवं काहीही उभं करू नका. मुदत संपायला महिनाच उरला असेल आणि उत्तर येत नसेल, तर नवं डोमेन घेऊन त्यावर मेल सुरू करा आणि सर्वांत आधी बँकेतला आणि आयकर पोर्टलवरचा पत्ता बदला. सुटलेलं जुनं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग तुमच्या नावावर येणारे ओटीपी त्याच्याकडे जातात.

२१. सभासदांची आधारची झेरॉक्स, फोन नंबर हे सगळं मेलवर आणि प्रिंटरवर असतं. काही जबाबदारी येते का?

येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी अधिसूचित झाले. लहान संस्थेने आजच करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: लागत नाही ती प्रत मागू नका, सभासदांची यादी वैयक्तिक फोनवरून व्हॉट्सॲपवर फिरवू नका, कागद झेरॉक्सच्या दुकानाच्या नंबरवर पाठवण्याऐवजी कार्यालयातच छापा, आणि छापलेलं ट्रेवर पडून राहू देऊ नका. भाड्याने घेतलेल्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यात स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा राहतात. मशीन परत देताना पुरवठादाराकडून ती पुसून घ्या आणि तसं लेखी घ्या.